गोडाऊनची महालक्ष्मी झाली तेव्हा

माणूस विक्षिप्त होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कोणी म्हणायला नको की काट्यावरच्या म्हाताऱ्याने उगाच देव करून ठेवला.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. शाळेत शिकवत नव्हते. तलासरीला पूर्वी कधीतरी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, तो बंद पडला, नाव तेवढं चिकटलं. आमच्या चिकू सोसायटीचा सगळा प्रोग्रॅम त्यांनी एकट्याने केलेला. कुठल्या बागेतून माल आला, वजन किती भरलं, कुठल्या बाईने निवडला, कुठल्या ट्रकवर चढला, सगळं त्यात. मी काट्यावर. क्रेट उचलून ठेवायचं, काटा हलायचा थांबला की ऑपरेटर रेखाला हात करायचा, ती बटण दाबणार. मी चौथी शिकलो, तीही पुरी नाही. तेव्हा कॉम्प्युटरचं जे सांगतोय ते सरांच्या तोंडून ऐकलेलं आहे. कुठे चुकलं तर माझी अक्कल.

सर यायचे ते आधी कानाला कळायचे. शेडच्या दारातली कुत्री त्यांच्या स्कूटरवर धावून जायची आणि सर त्यांना अहो-जाहो करून ओरडायचे. "आपण बाजूला व्हा. आपल्याला कळत कसं नाही?" कुत्र्यांना अहो, मशीनला अहो. माणसांना मात्र अरे-तुरे, चेअरमनशेठसकट. शेठने एकदा हसत हसत विचारलं, आम्हाला का हो मान नाही? सर म्हणाले, कुत्रं आणि मशीन जे करायचं ते तोंडावर करतात.

सकाळी दहालाच जेवायचे. चिकू सालीसकट खायचे. कॉम्प्युटरसमोर बसताना चपला काढायचे, ते बघून आमच्या बायकांना वाटायचं किती भाविक माणूस. पायाला घाम येतो म्हणून काढतो, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

ऑफिसातला चहा कधी प्यायले नाहीत. निवडणीच्या बायका शेडच्या मागे चूल मांडून गुळाचा चहा करायच्या, तिथे उलट्या क्रेटवर जाऊन बसायचे. माझी बायको त्या बायकांतली. तिचे हात चिकाने कायम काळे, तेल चोळलं तरी निघायचे नाहीत. ती सरांना ऐकवायची. "सर, साल खाताय, उद्या घसा चिकटला की प्रोग्रॅमला विचारा काय करू." सर म्हणायचे, "तुझ्यापेक्षा तो शहाणा आहे, विचारल्याशिवाय बोलत नाही." असं दोघांचं चालायचं. मी मध्ये पडत नसे.

प्रोग्रॅम करायच्या वेळची गोष्ट. आमच्या बायका भरलेल्या क्रेटवर खडूने आपली आपली खूण करायच्या. कोणाचं फूल, कोणाची फुली. हिच्या दोन आडव्या रेघा आणि एक टिंब. शेठ म्हणाले, त्याच खुणांना एक-दोन-तीन नंबर द्या, काम झटपट होईल. सर ऐकेनात. प्रत्येकीसमोर जाऊन उभे राहिले आणि नाव विचारलं. ही लाजली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "माझं कशाला, यांचं लिहा."

सर म्हणाले, "हा तोलतो. निवडतेस तू."

आणि तिचं नाव लिहिलं. सुमन. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

सरांचं एक वेड होतं. जे बदलणार आहे ते आत कोरायचं नाही. स्वतः तलासरीत भाड्याच्या खोलीत राहायचे आणि दर थोड्या दिवसांनी घरमालकाशी भांडून खोली बदलायचे. त्यांनी कार्डं छापली होती, त्यावर नाव छापलेलं आणि पत्त्याची जागा कोरी. द्यायच्या वेळी खिशातली पेन्सिल काढून पत्ता लिहायचे. पेनाने लिहा की, म्हटलं, तर म्हणायचे, "घरमालकावर तुझा एवढा भरोसा आहे, तू राहा त्याच्याकडे."

प्रोग्रॅम त्यांनी तसाच केला होता. आमच्याकडे तीन कॉम्प्युटर. एक काट्यावर, एक ट्रक भरतात तिथे आणि एक मोठं मशीन ऑफिसात. सगळा हिशेब, सगळी नावं त्या मोठ्या मशीनमध्ये. बाकीच्या दोघांनी दर वेळी तिथे जाऊन विचारायचं आणि तिथेच नेऊन ठेवायचं. आता जायचं तर नाव पाहिजे. त्या मोठ्या मशीनचं नाव होतं गोडाऊन. बाकीचे लोक म्हणे ते नाव प्रोग्रॅमच्या पोटातच शिवून टाकतात. सरांनी बाहेर ठेवलं, तिन्ही कॉम्प्युटरवर एकेका वेगळ्या छोट्या फाईलीत. प्रोग्रॅम उठला की पहिली ती फाईल वाचणार, तिथे जे नाव लिहिलंय त्या मशीनचं दार ठोठावणार.

त्या फाईलीत वरच्या ओळीला सरांनी मराठीत लिहून ठेवलं होतं: "खाली मोठ्या मशीनचं नाव आहे. मशीन बदललं किंवा नाव बदललं तर फक्त इथे बदला. मला फोन करू नका." त्याच्या खाली आणखी एक ओळ: "करायचाच असेल तर जेवणाच्या वेळी करू नका." ती फाईल कोणी उघडली नाही. सगळे फोनच करायचे, तोही दहाला.

एवढ्यावर थांबले नाहीत. प्रोग्रॅम फाईल वाचून झाली की तोंडाने सांगायचा, म्हणजे स्क्रीनवर अक्षरं यायची: "मी गोडाऊनकडे जातो आहे." पोचला की: "गोडाऊन भेटलं." रेखा रोज सकाळी ते वाचून हसायची. म्हणायची, आमच्या घरातला पुरुष उभ्या जन्मात एवढं सांगून गेला नाही. पुढे पुढे हसणंही संपलं. न वाचता बटण दाबायची.

माझी बायको दोन वर्षांपूर्वी गेली. कशाने, ते सांगत नाही. दवाखान्यात नेलं, आणलं, गेली.

नंतर मला एक गोष्ट कळली आणि ती मला फार लागली. तिच्या नावावर काही नव्हतं. घर माझ्या नावाने. पासबुकावर माझं नाव आधी. रेशन कार्डात ती माझ्याखाली. फोटो एकच, आधार कार्डाचा, त्यात ती सरकारवर रागावल्यासारखी दिसते. आयुष्यभर हात काळे करून घेतले त्या बाईने, आणि नाव कुठे म्हणाल तर सरांच्या प्रोग्रॅममध्ये. तिची क्रेट, तिचं नाव. तिथे मी वरही नाही आणि पुढेही नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी शेठ सरांना म्हणाले, यादी लांब झाली आहे, सोडून गेलेल्या आणि मेलेल्या बायकांची नावं काढून टाका, रेखाला खाली खाली जावं लागतं. मी काट्यावर होतो, मला ऐकू येत होतं. सर म्हणाले,

"माणूस मेलं म्हणून त्याने भरलेली क्रेट रिकामी होतात का रे?"

शेठ म्हणाले, तसं नाही, सोयीसाठी. सर म्हणाले, सोय करतो. मग त्यांनी असं केलं की जी येत नाही तिचं नाव खाली जाईल, पण बाहेर जाणार नाही. त्यावरून वाजलं. शेठ बोलले, सोसायटी माझी की तुमची. सर बोलले, सोसायटी तुझी, क्रेट त्यांची. आणि स्कूटर काढून गेले. तेव्हापासून त्यांना बोलावणं बंद झालं आणि वापीच्या एका कंपनीचा माणूस नवीन प्रोग्रॅम दाखवायला यायला लागला.

आता दसऱ्याचं सांगतो.

आमच्याकडे दसऱ्याला सगळ्याची पूजा. काटा, ट्रक, क्रेट धुवायचा पंप, तिन्ही कॉम्प्युटर. झेंडूच्या माळा, कुंकू. शेठने स्वतः कॉम्प्युटरचा कोर्स केलेला आहे आणि तो चारचौघांत दाखवायची त्यांना हौस आहे. मोठ्या मशीनला कुंकू लावताना म्हणाले, ज्याला हात जोडायचे त्याचं नाव गोडाऊन, हे बरं दिसत नाही. खुर्ची ओढून बसले, टकटक केलं आणि मशीनचं नाव ठेवलं महालक्ष्मी. आपली विवळवेढ्याची देवी. नारळ फोडला. बायकांनी हात जोडले, मी पण जोडले. पेढे वाटले, मशीन बंद केलं, सगळे घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागांतून माल येऊन पडला होता, बायका निवडणीला बसल्या होत्या, मी पहिलं क्रेट काट्यावर ठेवलं. रेखाने बटण दाबलं. जरा वेळ गेला. तिने पुन्हा दाबलं. मग शेठला हाक मारली. स्क्रीनवर आलं होतं, "गोडाऊन भेटलं नाही."

शेठने बंद केलं, चालू केलं, वायर काढल्या, लावल्या. ट्रक भरायच्या जागेवर आणि ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर पण तेच. मग त्यांनी वापीला फोन लावला. तो माणूस त्या दिवशी डहाणूतच होता, लगेच आला. वाईट नव्हता बिचारा, चकचकीत बूट घालून चिकाच्या चिखलातून आला. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "शेठ, डेटाबेस गयो लागे छे." मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत सांगितलं, सगळा हिशेब गेलेला दिसतोय. जुनं सोडून द्या. मोठं मशीन पुसून घेऊ, आमचा प्रोग्रॅम घालू, कोरं चालू करू. दुपारची गाडी काढून देतो.

शेठने बाहेर मालाकडे बघितलं आणि मान डोलावली.

कोरं म्हणजे काय ते मला कळत होतं. मी मागे जाऊन सरांना फोन लावला. वाजले होते दहा.

"जेवतोय," सर म्हणाले.

"जेवा," म्हटलं. "पण इथे मोठं मशीन पुसायला काढलंय. सुमनचं नाव जाणार."

फोन कट. मला वाटलं, रागावले. पण दुसरं कोण होतं. मी एक क्रेट उचललं, ऑफिसच्या दारात उलटं टाकलं आणि त्यावर बसलो.

शेठ म्हणाले, काका, बाजूला व्हा, माल सडतोय. मी म्हटलं, चिकू एका दिवसात सडत नाही शेठ, मी पण इथलाच आहे. सर येईपर्यंत कोणी मशीनला हात लावायचा नाही. शेठ म्हणाले, ते कशाला येतात आता, भांडून गेलेत. वापीवाला घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात निवडणीच्या बायका उठून आल्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी रानशेत गावची, ती शेठना म्हणाली, "नावं आमची पण आहेत त्यात. पुसायचं तर आम्हाला विचारून पुसा." आणि माझ्या बाजूला फतकल मारून बसली. मग बाकीच्या पण बसल्या. दारातून आत जायला जागा राहिली नाही.

तलासरीहून आमच्या सरावलीपर्यंत यायचं म्हणजे काही कमी नाही. सर आले तेव्हा कपाळापर्यंत धूळ. कुत्री भुंकली, सरांनी त्यांना आपण बाजूला व्हा म्हटलं नाही, तेव्हाच मला कळलं की माणूस घाईत आहे. रस्त्यात विवळवेढे लागतं, तिथे देवीला हातसुद्धा जोडला नाही, असं नंतर स्वतःच बोलले.

आत आले, चपला काढल्या. मशीनला हात लावला नाही. ही त्यांची पद्धत. आधी विचारायचे, काय हलवलं? आणि लोक नेहमी म्हणायचे, काही नाही. शेठ पण म्हणाले, काही नाही.

"काही हलवलं नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे," सर म्हणाले. "रेखा, काय लिहून आलंय ते वाच. मोठ्याने वाच."

रेखाने वाचलं. मी गोडाऊनकडे जातो आहे. गोडाऊन भेटलं नाही.

"गोडाऊन कुठाय?"

"हे काय, इथेच," शेठ म्हणाले.

"याचं नाव काय?"

आता शेठच्या तोंडावर जरा तेज आलं. "महालक्ष्मी. कालच ठेवलं. दसऱ्याला."

सर मटकन माझ्या क्रेटवर बसले. मला वाटलं आता शिव्या घालणार. ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले.

मला लगेच कळलं, कारण माझ्या घरात हे होऊन गेलं होतं. बायकोचं माहेरचं नाव जानकी. लग्नात माझ्या आत्याने हट्टाने बदलून सुमन केलं. महिन्याभराने तिच्या भावाने पत्र पाठवलं, जानकीच्या नावाने. पोस्टमन दारात आला, आत्या म्हणाली, जानकी नावाची इथे कोणी नाही. पत्र परत. आणि ही आत चुलीपाशी बसलेली. तिकडे तिच्या आईने रडून घर डोक्यावर घेतलं की पोरगी कुठे गेली. पोरगी कुठे जाणार, जागच्या जागी होती.

ही गोष्ट मी सरांना पूर्वी सांगितली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

वापीवाला म्हणाला, मग सोपं आहे, नाव परत गोडाऊन करून टाका.

बायका दारात होत्या. रानशेतची म्हातारी नुसती शेठकडे बघत राहिली. देवीचं नाव दिलेलं, नारळ फोडलेला, कुंकू अजून ओलं, आणि दुसऱ्या दिवशी ते काढून गोडाऊन? शेठचा हात पुढे येईना. रेखाने हात पदराखाली घेतले. वापीवाला सुद्धा मागे सरकला, तोही विवळवेढ्याच्या जत्रेला येणारा.

"मी नाही काढणार," सर म्हणाले. "तू ठेवलंस, तू काढ."

शेठ रडकुंडीला आले. "अहो मग करायचं काय? प्रोग्रॅमला तर तेच नाव पाहिजे."

"कोणी सांगितलं?"

"पोटात बसवलेलं असणार ना," वापीवाला म्हणाला. "आमचं तर तसंच असतं."

सर उठले. "रेखा, फाईल उघड."

तिला कुठली ते माहीत नव्हतं. त्यांनी बोटाने दाखवलं. उघडली तर पांढऱ्या पानावर तीन ओळी. सरांनी तिला पहिल्यापासून वाचायला लावलं. खाली मोठ्या मशीनचं नाव आहे. मशीन बदललं किंवा नाव बदललं तर फक्त इथे बदला. मला फोन करू नका. इथे बायका हसल्या. पुढची जेवणाची ओळ आली तेव्हा शेठ पण हसले, पण खाली बघून.

"देवी आहे तिथे राहू दे," सर म्हणाले. "आपण पत्ता बदलू."

त्यांनी स्वतः बोट लावलं नाही. मोठ्या मशीनवर जसं लिहिलंय तसंच बघून रेखाने गोडाऊन खोडलं आणि महालक्ष्मी लिहिलं. फाईल बंद. एक शब्द बदलला, बाकी कशाला हात नाही. मग प्रोग्रॅम उघडला.

अक्षरं आली. रेखाने न सांगता मोठ्याने वाचली.

"मी महालक्ष्मीकडे जातो आहे."

बायकांनी हात जोडले. कोणी सांगितलं नव्हतं. एकीने जय म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं. मशीन घुरघुरलं आणि खाली दुसरी ओळ आली, "महालक्ष्मी भेटलं." प्रोग्रॅमला स्त्रीलिंग काय माहीत. पण त्या दिवशी ते कोणाला खुपलं नाही. यादी भरभर उतरायला लागली. बागा, वजनं, नावं. सगळं होतं. एक चिकू इकडचा तिकडे झाला नव्हता.

शेड नुसतं दणाणलं. शेठने सरांचे दोन्ही हात धरले. काय बोलले ते आवाजात कळलं नाही, पण वापीवाल्याने आपली बॅग बंद केली. जाण्याआधी तो सरांना म्हणाला, साहेब, ती फाईल जरा परत दाखवा. सरांनी दाखवली, समजावलं, आणि वर म्हणाले, "तुझ्या लोकांना सांग, नाव आत शिवू नका." तो म्हणाला, सांगतो. चांगला मुलगा.

काट्यावरचं आणि ट्रकपाशीचं मशीन पण रेखानेच तसंच केलं. शेठने बाहेर जाऊन ओरडून सांगितलं, चला, तोलायला घ्या. बायका पळाल्या. मी जागचा हललो नाही.

सर म्हणाले, "तुझं काय?"

मी म्हटलं, "खाली असेल ना ती?"

सरांनी खुर्ची मागे ओढली. "बस."

मी त्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो. बसलो. चिकट हात कुठे ठेवायचे कळेना. त्यांनी एक बटण दाखवलं, हे दाबत जा, यादी खाली जाईल. मी दाबलं. एकेक नाव वर सरकायला लागलं. मला सगळी वाचता येत नव्हती, पण एक नाव मला आकारावरून ओळखू येतं. तिने सही शिकताना पाटीवर इतक्या वेळा गिरवलं होतं. दाबत गेलो. आलं. सुमन. आणि तिच्यापुढे तिची क्रेट, ओळीवर ओळ, खाली खाली, संपायला तयार नाहीत.

सर दारात जाऊन उभे राहिले, पाठ करून. बाहेर पहिली गाडी लागली होती. काट्यावर कोणी नाही म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. वाजवतच राहिला. वाजव म्हटलं. मी पुढची ओळ बघत होतो.